दोन कप्प्यांचे शब्द

'पोर्टमँटो' म्हणजे पुस्तकासारखी मधोमध उघडणारी, दोन कप्प्यांची प्रवासी पेटी. लुईस कॅरलच्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास'मध्ये (१८७१) हम्प्टी डम्प्टी अ‍ॅलिसला एका अगम्य कवितेचा अर्थ उलगडून सांगताना या पेटीची उपमा देतो, आणि दोन शब्द छाटून जोडलेल्या शब्दाला इंग्रजीत तेच नाव पडले. आपल्या समासात दोन्ही पदे बहुधा शाबूत राहतात. येथे एकाचे शेपूट तरी कापावे लागते किंवा दुसऱ्याचे डोके.

अर्थात कॅरल या प्रकाराचा जनक नव्हे. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी स्वपक्षाच्या सोयीने मतदारसंघ आखणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यांतील एकाचा वेडावाकडा आकार सॅलमँडर या प्राण्यासारखा दिसला, म्हणून 'बॉस्टन गॅझेट'ने व्यंगचित्र छापून त्याला 'गेरीमँडर' म्हटले. पुढे लोकांच्या तोंडी त्याचा 'जेरीमँडर' झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या या गृहस्थाच्या वाट्याला अपकीर्ती आली, तीही चुकीच्या उच्चारासह!

असे शब्द केवळ चातुर्यामुळे रुळतात, हे मला पटत नाही. कॅरलचे 'स्लायदी' आणि 'मिम्झी' कवितेतच राहिले. 'चकल' व 'स्नॉर्ट' यांतून घडलेला 'चॉर्टल' मात्र बोलण्यात आला, कारण नाकातून फुटणाऱ्या त्या खुशीच्या हसण्याला नाव हवे होते. १८९५ मध्ये गाय बेरिंजर यांच्या लेखातून आलेला 'ब्रंच' रविवारी उशिरा उठणाऱ्यांच्या असाच उपयोगी पडला.

'स्मॉग'ची गोष्ट अधिक गंभीर आहे. १९०५ मध्ये लंडनच्या एका आरोग्यविषयक परिषदेत डॉ. दे व्हो यांनी 'स्मोक' आणि 'फॉग' एकत्र करून तो वापरला. शहराचे धुके तोवर जणू हवामानाचाच भाग होते; 'स्मोक'ची दोन अक्षरे आत शिरताच त्यात चुलींचा आणि कारखान्यांचा वाटा उघड झाला. तरीही शब्दाने काम लगेच झाले नाही. डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस लंडन स्मॉगखाली गुदमरले. तेव्हा मृतांची संख्या सुमारे ४,००० मानली गेली. नंतरच्या संशोधनात ती १२,००० पर्यंत गेली. स्वच्छ हवेचा कायदा आला तो १९५६ मध्ये.

मराठी वृत्तपत्रांत यासाठी 'धुरके' दिसतो. धूर आणि धुके दोन्ही 'ध'पासूनच सुरू होत असल्याने सांधा कोठे आहे, हे शोधूनही सापडत नाही.