चीनमध्ये ऑनलाइन बायबल का मिळत नाही?

चीनमध्ये बायबल छापायला बंदी नाही. नानजिंगच्या अमिटी छापखान्याने २०१९ पर्यंत २० कोटी प्रती छापल्या. त्यातल्या बऱ्याच परदेशी गेल्या. देशात मात्र अधिकृत विक्री सरकारमान्य चर्चमधूनच होते. २०१८ मध्ये मोठ्या ऑनलाइन दुकानांतूनही बायबल गायब झालं.

१ मार्च २०२२ पासून नियम आणखी कडक झाले. इंटरनेटवर धर्मोपदेश करायचा तर सरकारी परवाना हवा. प्रार्थना, बाप्तिस्मा अशा विधींचं थेट प्रक्षेपण किंवा रेकॉर्डिंग टाकायला मनाई आहे.

हे नियम सर्वच धर्मांना लागू आहेत. पण सरकारदरबारी नोंदणी नसलेल्या ‘घरगुती चर्च’ना परवाना मिळण्याचा मार्गच नाही. कोरोनाकाळात अनेकांना आधार ठरलेली मोबाइलवरची प्रार्थनासभा त्यामुळे बेकायदा ठरली.