मोहाचा गुन्हा आणि विम्याचा सवाल

विमा उतरविणाऱ्याने पूर्वायुष्यातील शिक्षा न लपविता सांगाव्यात, हा दंडक मूळचा इंग्रजी व्यापाऱ्यांच्या पेढ्यांतला. सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याचा निवाडा करताना लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी 1766 साली परम सद्भावाचे तत्त्व मांडले. आणि 1951 साली लंडनच्या एका जवाहिऱ्याचा चोरीचा दावा तेथील अपील न्यायालयाने फेटाळला, तो त्याची शेवटची शिक्षा पंधरा वर्षांपूर्वीची असूनही ती त्याने सांगितली नव्हती म्हणून. जवाहिराच्या विम्यापुरता हा न्याय समजण्याजोगा आहे; परंतु विम्याच्या प्रस्तावपत्रातील पूर्वीच्या शिक्षांविषयीचा तोच सवाल ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडील एखाद्या कातकरी किंवा ठाकर आदिवासीला घातला, तर त्याच्या उत्तरात चोरीपेक्षा जंगलच अधिक निघेल.

या तालुक्यांत गुन्हा म्हणजे काय, हे पुष्कळदा सरकारी राजपत्राने ठरविले. डोंगरउतारावरचा शेतकरी पावसाळ्यापूर्वी झाडांच्या फांद्या छाटून, पालापाचोळा व शेण यांसह त्या रोपांच्या वाफ्यावर पसरून जाळीत असे. यालाच राब म्हणतात, आणि भात-नागलीची रोपे जोमाने यावीत म्हणून हा खटाटोप पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. 1878 च्या वनकायद्यानंतर राखीव रानातून त्यासाठी फांदी तोडणे हा अपराध होऊ लागला आणि रयतेची ओरड इतकी वाढली की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांपुरती चौकशी करण्यास सरकारला 1885 मध्ये एक मंडळ नेमावे लागले. मोहाची कथा याहून विलक्षण. चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेली फुले बायकामुलांनी वेचावीत, अंगणात वाळवावीत आणि कणगीत साठवून टंचाईच्या दिवसांत शिजवून खावीत, हा इकडचा परिपाठ. पण त्याच फुलांची दारूही गाळता येते, आणि दारू हे सरकारी महसुलाचे साधन असल्यामुळे 1892 च्या मोह कायद्याने या दोन जिल्ह्यांत खुद्द फुलांवरच निर्बंध आले. त्याच वर्षी शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे काम पुरे होऊन मुंबईला पाणी मिळू लागले. एकाच साली येथले पाणी नेले गेले आणि फुले अडविली गेली, हा योगायोग मला मोठा बोलका वाटतो.

आयुर्विमा तोवर मुंबईत आला होता. ओरिएंटल कंपनी 1874 सालची; परंतु तिच्या पॉलिसीचे कागद या डोंगरांत फारसे पोहोचण्याजोगे नव्हते. 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाल्यावर खेड्यापाड्यांत एजंट हिंडू लागले. 1938 च्या विमा कायद्याचे 45 वे कलम असे, की पॉलिसी दोन वर्षे टिकल्यावर केवळ चुकीच्या मजकुराच्या सबबीवर कंपनीने तिला आव्हान देऊ नये; द्यायचेच तर हेतुपुरस्सर लबाडी सिद्ध करावी. 2015 मध्ये ही मुदत तीन वर्षांची झाली आणि ती उलटल्यावर लबाडीचीही सबब उरली नाही. इंग्लंडने 1974 साली कायदा करून ठरावीक मुदतीनंतर जुन्या शिक्षा विमा कंपनीलाही सांगण्याची सक्ती काढून टाकली. आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही. 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली सुटलेल्याला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, एवढाच आडोसा.

महाराष्ट्र सरकारने मोहफुलांवरील निर्बंध 2021 मध्ये सैल केले. त्यापूर्वी ज्याची टोपली मुद्देमाल म्हणून जप्त होऊन दंड भरावा लागला, त्याने प्रस्तावपत्रातील अशा सवालापुढे ‘होय’ लिहावे हे खरे. पण दुकानफोडी आणि मोहाची टोपली यांना एकाच ‘होय’च्या रकान्यात बसविणारा कागद आपल्या विमेदाराविषयी कंपनीला काय कळवितो, हे मला उमगत नाही.