सरासरी माणूस कोण?

मागच्या व्याख्यानात आपण मोजमापाच्या इतिहासाबद्दल बोललो. आज त्यातलाच एक प्रश्न घेऊ. अणुभट्टीतून हवेत किंवा पाण्यात किरणोत्सारी द्रव्य सुटलं, तर माणसाच्या शरीरात त्यातलं किती पोचतं, हे ठरवायचं कसं?

त्यासाठी इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं विंडस्केल बघू. १० ऑक्टोबर १९५७ रोजी तिथल्या एका भट्टीत आग लागल्याचं लक्षात आलं. धुराड्यातून सुमारे २० हजार क्युरी आयोडीन-१३१ बाहेर पडलं. धूर वाऱ्याबरोबर कसा पसरतो, हा गणिताचा एक भाग झाला. पण मुख्य धोका श्वासात नव्हता, दुधात होता. आयोडीन गवतावर बसलं, गाईच्या पोटात गेलं, दुधात उतरलं आणि दुधातून लेकरांच्या थायरॉइड ग्रंथीत पोचणार होतं. म्हणून दुधासाठी लिटरला ०.१ मायक्रोक्युरी अशी मर्यादा तातडीनं ठरवली गेली. सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातलं दूध ओतून द्यावं लागलं.

आता पाण्याचं बघा. याच केंद्रातून परवानगीनं, नळावाटे, आयरिश समुद्रात सांडपाणी सोडलं जाई. त्यातलं रुथेनियम-१०६ किनाऱ्यावरच्या पॉर्फिरा नावाच्या शेवाळात साठे. हे शेवाळ गोळा होऊन जाई कुठं, तर दूर दक्षिण वेल्समध्ये. तिथं ते शिजवून ‘लेव्हरब्रेड’ म्हणून आवडीनं खातात. म्हणजे समुद्रात किती सोडायचं, हे ठरलं वेल्समधल्या काही खवय्यांच्या ताटावरून! अशा सर्वाधिक झळ पोचणाऱ्या लोकांना ‘निर्णायक गट’ म्हणू लागले.

आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना इथं थांबावंसं वाटतं. सगळ्या ब्रिटनची सरासरी काढली असती, तर शेवाळ खाण्याचं प्रमाण जवळजवळ शून्य आलं असतं. हिशेब बरोबर, पण न्याय चुकीचा. सरासरी माणूस कुणी पाहिलाय? जेवतो तो कुणीतरी एक माणूस.

आणि निर्णायक गट कायमचा नसतो. पुढे १९७०च्या दशकात तिथलं शेवाळ वेल्सला जाणं थांबलं, तसा मासे, शिंपले खाणाऱ्यांचा हिशेब महत्त्वाचा ठरला. शिवाय गणितात जे घातलंच नाही, ते उत्तरात येत नाही. १९५७च्या आगीतलं पोलोनियम-२१० ब्रिटिश किरणोत्सार-संरक्षण मंडळाच्या अंदाजात आलं ते १९८३ साली.

तेव्हा कुणी असा हिशेब पुढे ठेवला, की आकडा विचारण्याआधी आपण एवढंच विचारायचं: यात कुणाचं ताट मोजलंय, आणि कुणाचं राहिलंय?