सराफाला नाणे कळत नाही म्हणे!

जुनी नाणी जमवण्याचा नाद नुकताच लागलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. नाणेविक्रेत्याच्या दारात जाऊ नकोस, तो तुला कापेल. सरळ सराफाच्या नाहीतर सावकाराच्या पेढीवर जा. लोकांनी गहाण टाकून न सोडवलेले, अडीअडचणीला मोडीत घातलेले राणीछाप रुपये तिथे पडलेले असतात. सराफाला वजन कळते, कस कळतो. नाणे कळत नाही. तो चांदीच्या भावाने देईल आणि तुझ्या हाती दसपट किमतीचा माल येईल. हा सल्ला देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी असा दसपट किमतीचा माल दाखवला आहे. तरीही सल्ला टिकून आहे, म्हणून त्याची नीट तपासणी व्हायला हवी.

आधी या पक्षाला त्याचे माप पुरते घालू. त्याला इतिहासाचा आधार आहे. चार्ल्स मॅसन या संग्राहकाने १८३० च्या दशकात काबूलजवळच्या बेग्रामहून हजारो नाणी गोळा केली, आणि त्या काळातल्या अनेक संग्राहकांचा मार्ग बाजारातल्या सराफांच्या दुकानांवरूनच जात होता. तेव्हा ग्रीक अक्षरे असलेले तांब्याचे नाणे पेढीवाल्याच्या लेखी खरोखरच तांबे होते. दुसरा आधार आजचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सोन्याचांदीवर कर्ज देताना फक्त आतल्या धातूची किंमत धरायची असते. कलाकुसर, खडे, दुर्मिळता यांना त्या हिशेबात जागा नाही. म्हणजे नाण्याचे नाणेपण तारण व्यवहारात अधिकृतपणेच शून्य आहे. तिसरा आधार दूरचित्रवाणीचा. लास वेगासमधल्या एका गहाणवटीच्या दुकानावरचा ‘पॉन स्टार्स’ हा कार्यक्रम २००९ पासून जगभर पाहिला गेला, आणि अशा दुकानात खजिना पडून असतो हे चित्र आपल्याकडेही घरोघर पोहोचले. तो कार्यक्रम लक्ष देऊन पाहणाऱ्याला एक गोष्ट मात्र दिसायला हवी होती. गिऱ्हाईकाने काही अनोळखी वस्तू काढली की दुकानदार पैसे मोजायच्या आधी जाणकाराला बोलावतो. घाई त्याला कधीच नसते.

आता मूळ गृहीतकाकडे येऊ. सराफाला नाणे कळत नाही, हे विधान महाराष्ट्रात तरी इतिहासाच्या विरुद्ध आहे. पेशवाईत एक रुपया असा नव्हताच. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, सुरती असे अनेक रुपये एकाच बाजारात फिरत, प्रत्येकाचा कस निराळा, झीज निराळी. कोणत्या रुपयाला किती बट्टा हे सांगणे हाच सराफाचा धंदा होता. तो छाप पाहून टांकसाळ ओळखी, फरशीवर आपटून नाद ऐके आणि शंका आली तर छिन्नीचा ठोका मारून आतली चांदी पाही. त्या ठोक्यांच्या खुणा आजही जुन्या रुपयांच्या अंगावर सापडतात. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सर्व मुलखाला एकच रुपया दिला तेव्हा या विद्येची गरज ओसरू लागली, पण ती लगेच मेली नाही. मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का १९५० च्या दशकापर्यंत चालत होता आणि ब्रिटिश सहा रुपयांना हाली सात असा हिशेब दुकानोदुकानी तोंडपाठ होता. आज गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा आजा त्या हिशेबात वाढलेला असतो. त्याला रुपयावरच्या विल्यम राजा आणि व्हिक्टोरिया राणीतला फरक कळत नाही असे मानणे हा आपला भाबडेपणा आहे.

यावर उत्तर येईल की आजा गेला, विद्याही गेली. काही अंशी खरे आहे. पण तिची जागा दुसऱ्या गोष्टीने घेतली आहे. १९११ च्या रुपयाचेच पाहा. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर राजसन्मानाच्या माळेतला हत्ती होता. सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना ते डुक्कर दिसले. गवगवा झाला, बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारले. हा ‘डुकराचा रुपया’ ओळखायला हत्तीकडे पाहायचीही गरज नाही, सन वाचता आला की पुरे. अशी गोष्ट बाजारात गुपित राहत नाही. सराफकट्ट्यावर एकाला कळली की चहा येईपर्यंत दहांना कळते, आणि आता तर खिशातला फोन आहे. शिवाय नाण्यांचे व्यापारी पेढ्यांवर नियमित चक्कर मारतात. मोडीतून बाजूला काढलेले रुपये ते आधी चाळतात. आपण जाऊन उभे राहतो तेव्हा समोरच्या डबीत चाळणीच्या वर उरलेला माल असतो.

गहाणाचीही एक चुकीची कल्पना यामागे आहे. अमेरिकेत गहाण सुटले नाही की वस्तू दुकानाच्या फळीवर विक्रीला लागते. आपल्याकडे भारतीय करार कायद्याच्या कलम १७६ प्रमाणे तारण ठेवून घेणाऱ्याला वाजवी नोटीस देऊनच विक्री करता येते, आणि ती विक्री सहसा दागिन्यांची, वजनावर होते. सुटे नाणे गहाण पडते ते क्वचितच. लक्ष्मीपूजनाच्या ताटातले चार रुपये माणूस गहाण टाकत नाही. शेवटी, अगदीच गळ्याशी आले की विकतो. म्हणून पेढीवर दिसणारे नाणे बहुतेक वेळा मोडीचे असते आणि मोड वितळायलाच आलेली असते.

‘चांदीच्या भावात’ हा शब्दप्रयोगही तपासून घ्यावा, कारण इथेच सर्वांत जास्त पैसे बुडतात. ब्रिटिश रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात चांदी बारातले अकरा भाग, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. २०२४ साली चांदीने किलोला एक लाखाचा टप्पा ओलांडला. हिशेब सोपा जावा म्हणून ग्रॅमला शंभर रुपये धरले तर या रुपयात १,०६९ रुपयांची चांदी आहे. मराठवाड्यात मिळणारा चारमिनार छापाचा हाली रुपया दिसायला जवळपास तेवढाच, पण वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के. त्यात ९१४ रुपयांची चांदी. १९४० ते १९४५ चा सहाव्या जॉर्जचा रुपया पुन्हा ११.६६ ग्रॅमचाच, पण युद्धकाळात चांदी निम्म्यावर आली. त्यात फक्त ५८३. आणि १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया निकेलचा. त्याला चुंबक चिकटते. हे चारही एकाच डबीतून ‘जुना चांदीचा रुपया’ म्हणून एकाच दराने पुढे सरकवले जातात. सराफ फसवतो असे मी म्हणत नाही. त्याने दर तोळ्यावर लावलेला असतो, गिऱ्हाईकाने कस विचारलेला नसतो.

बरे, शुद्ध चांदीच्या हिशेबाने अगदी बरोबर भाव मिळाला, तरी घेतले काय? बहुधा १९१७ किंवा १९१८ चा रुपया. पहिल्या महायुद्धात कागदी नोटांवरचा लोकांचा विश्वास डळमळला, लोक नोटा देऊन रुपये मागू लागले आणि सरकारकडे चांदी कमी पडली. तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली आपले पंचवीस कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटनला हिंदुस्थानासाठी विकली. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी त्या सुमारास अखंड रुपये पाडत होत्या. ही कथा नाण्याच्या तोंडून ऐकायला मला फार आवडते, पण कथा चांगली म्हणून नाणे दुर्मिळ होत नाही. ते कोट्यवधींनी पाडलेले आहे आणि त्याचा भाव चांदीबरोबरच वर-खाली होणार.

सोन्याकडे वळलो तर पुतळीची माळ समोर येते. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचा डुकाट, साडेतीन ग्रॅमचे जवळजवळ शुद्ध सोन्याचे नाणे. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती आणि दोघांच्या मधोमध काठीवरचा झेंडा. दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या लंबगोलात उभा ख्रिस्त. व्यापारातून ही नाणी शतकानुशतके पश्चिम किनाऱ्यावर उतरली, सोने चोख म्हणून मान्य झाली आणि आपल्या बायकांच्या गळ्यात जाऊन बसली. मग इथल्या सोनारांनी तशीच नाणी पाडायला सुरुवात केली. भिंगाखाली धरले की फरक दिसतो: लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा, अधिपतीची टोपी विरघळलेली, झेंड्याची काठी वाकडी. गहाणातून आलेल्या माळेत अस्सल डुकाट असण्याची शक्यता आहे, नाही असे नाही. पण त्याच्या डोक्यावर झाळलेली कडी असते. कडीच्या बुडाशी झाळाचा पिवळट डाग पसरलेला, त्याखाली एक-दोन अक्षरे बुजलेली. लिलावात अशा नाण्याची किंमत निम्म्याहूनही खाली येऊ शकते. कडी काढून घासले तर आणखी उतरते.

घासण्यावरून आठवले. चांदीचे नाणे उजळून देणे ही सराफाच्या दृष्टीने गिऱ्हाईकाची सेवा आहे. रिठ्याच्या पाण्यातून, चिंचेतून, कधी तेजाबातून काढलेला रुपया आरशासारखा चमकतो आणि संग्राहक तोंड फिरवतो, कारण शंभर वर्षांत चढलेली काळसर झाक तो शोधत असतो. ती एकदा गेली की पुन्हा तशी चढत नाही. ‘द्या, जरा उजळून देतो’ असे ऐकू आले की आधी हात पुढे करून नाणे परत घ्यावे.

नकली नाण्यांचा तर पेढीवर सुकाळ आहे, आणि तो सराफाच्या बदमाशीमुळे नाही. नाण्यात चांदी असली, वजन जुळले की त्याचे समाधान होते. नकली नाणेही अस्सल चांदीचे असू शकते. १९३९ चा रुपया दुर्मिळ म्हणून प्रसिद्ध आहे, १९३८ चा मुबलक. १९३८ मधल्या आठाची खालची डावी बाजू कोरून काढली की नऊ होतो. चांदी खरी, वजन खरे, राजा खरा, फक्त एक आकडा खोटा. भिंगाखाली त्या आकड्याभोवतीची जागा खरवडलेली किंवा आजूबाजूपेक्षा जास्त गुळगुळीत दिसते. शिवाजी महाराजांच्या होनाबद्दल तर बोलायलाच नको. अस्सल होन मोजके; बाजारात ‘घराण्यातून आलेले’ होन हवे तितके. तांब्याच्या शिवराईचे दुखणे वेगळे आहे. ती नकली नसते, पण महाराजांच्या काळचीही बहुतेक वेळा नसते. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे पुढे पेशवाईभर पाडली जात राहिली. ‘शिवकालीन’ म्हणून दिलेल्या जादा पैशांना त्यामुळे आधार नाही.

मग पेढीवर जाऊच नये का? जावे, पण वेगळ्या हिशेबाने. वर जी गोष्ट वाईट म्हणून सांगितली तीच एका अर्थी चांगली आहे. साधा पाचव्या जॉर्जचा रुपया धातूच्या भावात घेतला तर नुकसान फार होत नाही, कारण तळाला चांदी आहे, आणि नाणे भट्टीतून वाचते. ज्याला अभ्यास करायचा आहे त्याला तिथे संधीही आहे, मात्र ती सराफाच्या अज्ञानात नसून आपल्या मेहनतीत आहे. व्हिक्टोरियाच्या १८६२ च्या रुपयाचे उदाहरण घ्या. पुढची बाराएक वर्षे टांकसाळींनी त्यावरचा सन बदललाच नाही. मुंबईच्या टांकसाळीने बारीक ठिपके वाढवले. कोणत्या जागी किती ठिपके आहेत यावरून वर्ष ठरवायचा प्रयत्न प्रिडमोरसारख्या अभ्यासकांनी केला. १८४० च्या रुपयावर राणीचे नाव एका ओळीत सलग आहे की डोक्याने दुभागले आहे, हेही असेच. हे ठिपके सराफ मोजत बसत नाही, फिरता व्यापारीही घाईत असतो. इथे पूर्वपक्षाला मी एक कवडी द्यायला तयार आहे, त्याहून जास्त नाही. काटा, भिंग आणि चुंबक खिशात ठेवून जावे, पावती मागावी, आणि लिलावगृहांचे जुने निकाल आधी पाहावेत.

पावतीचा आग्रह कशासाठी, तेही सांगतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षे पुरी झालेले नाणे पुरावस्तू ठरते आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. पाचव्या जॉर्जचे चांदीचे रुपये १९२२ नंतर पाडले गेले नाहीत. म्हणजे ते सगळेच आता या व्याख्येत आले, म्हणून ते कुठून घेतले याचा कागद हाती असलेला बरा. अमेरिकेतल्या भाच्याला लग्नात द्यायला चार राणीछाप रुपये नेणाऱ्या मामांनी हे लक्षात ठेवावे. पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

आणि एका प्रकारचा माल पेढीवर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. पांडवलेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्राने नहपानाच्या क्षहरात कुळाचा उच्छेद केल्याचे म्हटले आहे. जोगलटेंभीच्या साठ्याने त्याला पुरावा दिला, कारण तो साठा एकत्र तपासता आला. तीच नाणी पाच-पाच, दहा-दहा करून पेढ्यांवर गेली असती तर नहपानाच्या चेहऱ्यावरचा सातवाहनांचा छाप हा ‘खराब झालेला माल’ ठरून भट्टीत गेला असता. म्हणून मातीचा थर असलेली, हिरवट पडलेली, एकाच जातीची दहा-वीस नाणी कोणी पुढे केली तर भाव विचारू नका. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. विकणाऱ्याला तेवढे सांगा, आणि सराफालाही.