वेत : अभिज्ञान व वर्गीकरण
(सं. वेत्र, हिं. बेंत, लॅ. कॅलॅमस, कुल-पामी). ताडमाडांच्या कुलातील या काटेरी व आरोही वनस्पतींचे सर्वाधिक वैविध्य आग्नेय आशियात आढळते. बाजारात येणारा वेत म्हणजे आवरक सोलून काढलेले गुळगुळीत खोड होय. परंतु जाती ओळखण्याची प्रमुख लक्षणे त्या टाकून दिलेल्या आवरकावरच असतात. वेताच्या वर्गीकरणाचा इतिहास बराचसा या अडचणीतून घडला आहे.

पानाचा तळभाग खोडाभोवती नळीसारखा वेढलेला असतो. या आवरकावरील काट्यांची मांडणी व चढण्याचे साधन यांवरून जातींतील भेद कळतात. काही जातींत आकडे असलेला लांब चाबूक आवरकातून निघतो. तो वांझ फुलोऱ्याचे रूपांतर होय. इतर काहींत पानाचा मध्यकणाच टोकाशी लांबून तेच कार्य करतो. नर व मादी फुले भिन्न झाडांवर येत असल्याने एखाद्या अपुऱ्या नमुन्यावरून निश्चित निदान होत नाही.

रम्फियस यांच्या अँबॉइना बेटावरील वनस्पतींच्या ग्रंथात (१७४१–५०) वेताचे अनेक प्रकार वर्णिले होते. तरीही लिनीअस यांनी १७५३ मध्ये कॅलॅमस प्रजातीत कॅलॅमस रोटँग  ही एकच जाती मानली. पुढे ब्लूमे यांनी फुलोऱ्यावरील छदांच्या फरकावरून डीमोनोरॉप्स  ही प्रजाती वेगळी केली. भारतातील वेतांची वर्णने रॉक्सबर्ग (१८३२) व ग्रिफिथ (१८५०) यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत आली. इटालियन वनस्पतिवैज्ञानिक बेक्कारी यांनी सारावाकच्या अरण्यांत स्वतः नमुने गोळा केले होते (१८६५–६८). कॅलॅमसवरील त्यांचा सचित्र प्रबंध कलकत्ता वनस्पति-उद्यानाच्या ग्रंथमालेत १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. सह्याद्रीत आढळणाऱ्या जातींपैकी कॅ. स्यूडोटेन्यूइस हिचे नाव या संदर्भात बोलके आहे : रॉक्सबर्ग यांच्या कॅ. टेन्यूइस  या जातीशी तिचे दिसणारे साम्य फसवे आहे, असे ते सुचविते.

मूळचे गोव्याचे व सिंगापूर वनस्पति-उद्यानात काम केलेले फुर्तादो यांनी मलायातील वेतांचा चिकित्सक अभ्यास केला (१९५६). ड्रान्सफील्ड (१९७९) व पश्चिम घाटासाठी रेणुका (१९९२) यांच्या पुस्तिकांनी क्षेत्रीय अभिज्ञान सुलभ केले. २०१५ मध्ये बेकर यांनी डीमोनोरॉप्सचा व इतर काही लहान प्रजातींचा पुन्हा कॅलॅमसमध्ये समावेश केला. या विस्तृत अर्थाने कॅलॅमसमध्ये सुमारे ४०० जाती गणल्या जातात.

हा प्रश्न केवळ नामकरणाचा नाही. बेटे करणाऱ्या जातींना तोडीनंतर बुंध्यापासून नवे फुटवे येतात. एकाकी खोडाच्या जातीचे झाड मात्र तोडल्यावर मरते. म्हणून जातीचा निर्णय तोडीपूर्वी, उभ्या झाडावरच होणे आवश्यक असते. सोललेल्या मोळीवरून तो करणे अतिशय कठीण आहे.