गुडरीड्स गिव्हअवेज

गुडरीड्स गिव्हअवेज ही गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावरील, सोडतीच्या मार्गाने पुस्तके विनामूल्य वाटण्याची सेवा आहे. लेखक किंवा प्रकाशक ठरावीक मुदतीसाठी पुस्तकाच्या काही प्रती देऊ करतात, इच्छुक सदस्य आपले नाव नोंदवतात आणि मुदत संपल्यावर त्यांतून विजेते निवडले जातात. नाव नोंदवणाऱ्या वाचकाला काहीही मोजावे लागत नाही. आरंभी ही सेवा लेखक-प्रकाशकांसाठीही निःशुल्क होती. ९ जानेवारी २०१८ पासून तिला शुल्क लागू झाले आणि सेवेचे स्वरूपही बरेच बदलले.

पार्श्वभूमी

नव्या पुस्तकाच्या प्रती प्रकाशनाच्या सुमारास किंवा त्याआधीच समीक्षकांना व ग्रंथविक्रेत्यांना पाठवण्याची प्रथा इंग्रजी प्रकाशनव्यवहारात जुनी आहे. मराठी नियतकालिकांकडे ‘अभिप्रायार्थ’ म्हणून प्रती धाडल्या जातात आणि ‘साभार पोच’ या सदरात त्यांची नोंद होते, तीही याच जातीची पद्धत म्हणता येईल. दोन्हीकडे प्रत जाते ती संपादक, समीक्षक किंवा जाणकार म्हणून ठाऊक असलेल्या व्यक्तीकडे. सामान्य वाचकाच्या वाट्याला अशी प्रत सहसा येत नाही.

ऑटिस चँडलर व एलिझाबेथ खुरी चँडलर यांनी स्थापन केलेले गुडरीड्स जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. येथे सदस्य पुस्तकांना एक ते पाच तारे देतात, परीक्षणे लिहितात आणि वाचलेली, वाचत असलेली व वाचायची पुस्तके वेगवेगळ्या याद्यांत लावून ठेवतात. या याद्यांना तेथे ‘शेल्फ’ म्हणतात. मार्च २०१३ मध्ये ॲमेझॉनने गुडरीड्स विकत घेत असल्याचे जाहीर केले, तेव्हा सदस्यसंख्या १ कोटी ६० लाखांहून अधिक होती. पुस्तके विकणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपनीकडे वाचकांच्या अभिप्रायांचे सर्वांत मोठे भांडार गेले, ही गोष्ट पुढील बदल समजून घेताना ध्यानात ठेवावी लागते.

सुरुवातीची रचना

सुरुवातीच्या काळात ही योजना ‘फर्स्ट रीड्स’ या नावाने ओळखली जात असे. पुस्तक बाजारात येण्यापूर्वी किंवा आल्यावर लगेच ते वाचकांच्या हाती पडावे आणि त्यांनी त्यावर लिहावे, हा तिचा हेतू नावातच स्पष्ट आहे. प्रती छापील असत. लेखक प्रतींची संख्या, मुदत आणि कोणत्या देशांतील वाचकांनी भाग घ्यायचा हे ठरवी. सोडत गुडरीड्स काढी आणि विजेत्यांचे पत्ते लेखकाला कळवी. पुस्तकाची किंमत व टपालखर्च लेखकाचा, परंतु गुडरीड्सला काही द्यावे लागत नसे. त्यामुळे एक-दोन प्रती देऊ शकणारा नवखा लेखक आणि शेकडो प्रती वाटणारी मोठी प्रकाशनसंस्था एकाच यादीत शेजारी शेजारी दिसत.

परीक्षण लिहिणे विजेत्यावर बंधनकारक नव्हते व आजही नाही. लिहिल्यास ते अनुकूल असावे अशी अट तर मुळीच नाही. ही मोकळीक योजनेच्या प्रतिष्ठेचा खरा आधार होय. मात्र पुस्तक भेट मिळाले असल्यास परीक्षणात तसे नमूद करावे, अशी अपेक्षा असते. जाहिरातदाराकडून वस्तू फुकट मिळालेल्या व्यक्तीने तिची शिफारस करताना हा संबंध उघड करावा, असे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचे धोरण आहे. त्याची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये सुधारली गेली, तेव्हा अनुदिनीकारांसारख्या सामान्य लेखकांचाही त्यांत विचार झाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने आपल्या दुकानात फुकट वस्तूंच्या बदल्यात लिहिलेल्या अभिप्रायांवर बंदी आणली, परंतु पुस्तके त्यातून वगळली. अभिप्रायार्थ प्रतींच्या जुन्या परंपरेला दिलेली ही सवलत होती.

किंडल प्रतींचा समावेश

२०१६ मध्ये किंडल ई-पुस्तकांच्या सोडती प्रायोगिक स्वरूपात सुरू झाल्या. यात लेखक एका वेळी कमाल १०० प्रती देऊ शकतो. विजेत्याच्या खात्यात पुस्तक थेट जमा होत असल्याने छपाई, बांधणी आणि टपाल यांचा प्रश्न उरत नाही. छापील प्रतींच्या सोडतीत विजेता ठरूनही पुस्तक पोहोचलेच नाही, ही वाचकांची नेहमीची तक्रार असे, कारण पाठवणी सर्वस्वी लेखकावर अवलंबून होती. ई-पुस्तकांपुरती ती तक्रार मिटली. प्रायोगिक सोडतींना मात्र ११९ डॉलर शुल्क होते.

२०१८ मधील फेररचना

नव्या रचनेची घोषणा नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली. छापील व ई-पुस्तक अशा दोन्ही सोडतींना शुल्क लागू करून दोन प्रकार ठरवले गेले : साधी सोडत ११९ डॉलर आणि विशेष सोडत ५९९ डॉलर.

या फेररचनेतील सर्वांत परिणामकारक सुधारणा दिसायला किरकोळ आहे. सोडतीत नाव नोंदवताच ते पुस्तक सदस्याच्या ‘वाचायचे आहे’ या यादीत आपोआप जाते. एखाद्या पुस्तकाच्या सोडतीत हजार सदस्यांनी भाग घेतला आणि प्रती दहाच असल्या, तरी ते हजार याद्यांत चढते. नोंदणीची वार्ता सदस्याच्या मित्रमंडळींना त्यांच्या पानावर दिसते. शिवाय लेखकाचे अनुसरण करणाऱ्यांना आणि ते पुस्तक आधीच यादीत लावलेल्यांना सोडत सुरू झाल्याची सूचना मिळते. सोडत संपल्यावर सुमारे आठ आठवड्यांनी विजेत्यांना तारे व परीक्षण देण्याची आठवण करून दिली जाते. पुस्तक पोहोचून वाचून व्हायला लागणाऱ्या वेळाचा हा अंदाज समंजस आहे. विशेष प्रकारात सोडतींच्या पानावर ठळक जागा मिळते.

या सर्वांचा अर्थ असा, की लेखक शुल्क देतो ते प्रती वाटण्यासाठी नव्हे, तर पुस्तकाचे नाव अनेकांच्या डोळ्यांसमोर यावे यासाठी. हरणारे सदस्यही त्याच्या उपयोगाचे असतात, किंबहुना संख्येने तेच अधिक असतात. आधीची योजना अभिप्रायार्थ प्रतीची धाकटी बहीण होती. नवी योजना जाहिरातीच्या जवळची आहे.

शुल्काचा भारही सर्वांवर सारखा नाही. शंभर किंडल प्रती दिल्यास ११९ डॉलर शुल्क प्रतीमागे १ डॉलर १९ सेंट पडते. दहा छापील प्रती दिल्यास ते प्रतीमागे ११ डॉलर ९० सेंट होते आणि पुस्तकाची किंमत व टपाल त्याहून निराळे. अर्थात रचनेचा कल ई-पुस्तकांकडे आहे, आणि किंडलचा धंदा ॲमेझॉनचा आहे.

सोडत आणि कायदा

अमेरिकी कायद्यात बक्षीस, दैवाधीन निवड आणि भाग घेणाऱ्याने दिलेला मोबदला हे तीन घटक एकत्र आले, की ती लॉटरी ठरते. खाजगी व्यक्तीला वा कंपनीला लॉटरी चालवता येत नाही. तिसरा घटक काढून टाकला, तर तीच गोष्ट कायदेशीर सोडत होते. अशा जाहिरातींखाली ‘खरेदीची आवश्यकता नाही’ असे छापलेले असते ते यासाठी. गुडरीड्स शुल्क घेते ते प्रती देणाऱ्याकडून, नाव नोंदवणाऱ्याकडून नव्हे. देशोदेशीचे सोडतविषयक नियम मात्र निराळे असल्याने जगभर एकच सोडत चालवणे क्लिष्ट असते.

टीका

घोषणा होताच स्वयंप्रकाशित लेखकांनी व लहान प्रकाशकांनी नाराजी व्यक्त केली. पहिले पुस्तक स्वतःच्या खर्चाने काढलेल्या लेखकाला ११९ डॉलर ही रक्कम कित्येकदा त्या पुस्तकाच्या वर्षभराच्या उत्पन्नाएवढी वाटू शकते. शुल्कामुळे सोडतींची गर्दी कमी होऊन उरलेल्या पुस्तकांकडे अधिक लक्ष जाईल, असा युक्तिवाद दुसऱ्या बाजूने केला गेला. तो खोटा नाही. परंतु ज्यांची पुस्तके गर्दीतून वगळली गेली त्यांच्या दृष्टीने त्यात दिलासा नाही.

दुसरा आक्षेप भूगोलाचा आहे. नव्या नियमांनुसार केवळ अमेरिकेतील रहिवाशांनाच भाग घेता येऊ लागला. पुढे कॅनडातील वाचकांनाही प्रवेश मिळाला. पूर्वी लेखक ठरवील त्या देशांतील वाचक पात्र असत. गुडरीड्सचे सदस्य जगभर असताना बहुसंख्य देशांतील सदस्य एका फटक्यात या सेवेबाहेर गेले. त्यांची परीक्षणे आणि याद्या मात्र संकेतस्थळाच्या उपयुक्ततेत पूर्वीप्रमाणेच भर घालत आहेत.

मराठी वाचक आणि लेखक

पुणे, नागपूर किंवा पणजी येथे राहणाऱ्या सदस्याला गुडरीड्सवर पुस्तकांची नोंद करता येते, मराठीत परीक्षण लिहिता येते, पण सोडतीत नाव नोंदवता येत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी वाचकाला ते येते. डिसेंबर २०१६ पासून किंडलच्या भारतीय दुकानात मराठी ई-पुस्तके मिळू लागली, तरी त्यांचा मुख्य वाचकवर्ग भारतात असल्याने या सोडतींचा मराठी पुस्तकांना होणारा लाभ मर्यादितच राहतो. छापील मराठी पुस्तकाची सोडत ठेवायची, तर शुल्काखेरीज समुद्रापारच्या टपालाचा खर्चही लेखकावर पडतो आणि तो अनेकदा पुस्तकाच्या किमतीहून जास्त भरतो.

तत्सम सेवा

ॲमेझॉनने २०१५ मध्ये ‘ॲमेझॉन गिव्हअवे’ ही निराळी सेवा सुरू केली होती. तीत पुस्तकांखेरीज इतर वस्तूही बक्षीस म्हणून ठेवता येत. ती २०१९ मध्ये बंद झाली.

टिम स्पॉल्डिंग यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या लायब्ररीथिंग या संकेतस्थळावर २००७ पासून ‘अर्ली रिव्ह्यूअर्स’ हा उपक्रम चालतो. तेथे निवड निव्वळ दैवावर सोडलेली नाही. सदस्याच्या संग्रहातील पुस्तके पाहून त्याच्या आवडीशी जुळणारे पुस्तक त्याला देण्याचा प्रयत्न केला जातो, आणि आधी मिळालेल्या पुस्तकांवर ज्याने लिहिले आहे त्याची पुढील संधी वाढते. नेटगॅलीवर तर सोडतच नाही. वाचक मागणी नोंदवतो आणि ती मान्य करायची की नाही, हे प्रकाशक ठरवतो. अर्ली रिव्ह्यूअर्समध्ये प्रत कोणत्या देशांत पाठवली जाईल हे प्रत्येक पुस्तकाखाली दिलेले असते, त्यामुळे भारतातील वाचकाने नाव नोंदवण्यापूर्वी ती यादी पाहून घ्यावी लागते.