तळणीच्या माळावरचा छोटा कॅमेरा

रात्रीच्या आभाळाचे फोटो काढणं हा हल्ली पोरांचा छंद झालाय. पण आपल्या महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईनं असाच एक कॅमेरा आणला होता. आज तिची गोष्ट.

२२ जानेवारी १८९८. त्या दुपारी कोकणापासून वऱ्हाडापर्यंतच्या एका पट्ट्यात खग्रास सूर्यग्रहण दिसलं. कडा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. आपल्या पणज्या बहुतेक दार लावून घरात बसल्या असतील, पोटुशी बाई तर नक्कीच. आणि इकडे जामखेडच्या पलीकडे, करमाळा तालुक्यातल्या जेऊरला, साहेबलोकांचे तंबू पडले होते. जेऊरला तेव्हाच रेल्वे होती ना! (आपल्या कड्याला गाडी यायला २०२२ साल उजाडलं.) पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला तिथे होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल पत्नीला घेऊन आले होते, आणि त्यांचा कॅमेरा होता चाळीस फूट लांब.

आपली बाई मात्र वऱ्हाडात, धामणगावजवळच्या तळणीला उतरली होती. नाव ॲनी माँडर. जन्म १८६८, आयर्लंडचा. गणित शिकलेली. १८९१ मध्ये इंग्लंडच्या ग्रीनिच वेधशाळेत आकडेमोडीच्या कामाला लागली, पगार महिना चार पौंड. सूर्यावरच्या डागांचे फोटो काढायचे, ते मोजायचे, हे तिचं काम. १८९५ मध्ये तिथल्याच वॉल्टर माँडर यांच्याशी लग्न झालं, आणि नोकरी गेली. लग्न झालेल्या बाईनं सरकारी नोकरीत राहायचं नाही, असा तिथला नियम. नवऱ्याची नोकरी अर्थातच राहिली.

मग ती हौशी झाली. हौशी म्हणजे बिनपगारी, एवढंच, काम तेच. तिच्या जुन्या कॉलेजनं थोडे पैसे दिले, त्यातून तिनं एक छोटा कॅमेरा घेतला. भिंग जेमतेम दीड इंचाचं, पण आभाळाचा मोठा तुकडा एकदम टिपणारं. आकाशगंगेचे फोटो काढायचे म्हणून घेतलेला तो कॅमेरा तिनं तळणीला सूर्यावर लावला.

आता गंमत ऐका. पीठ बरंच असलं तरी भाकरी फारच मोठी थापली, तर ती पातळ होते, हो ना? चाळीस फुटी कॅमेऱ्यात सूर्य पुरीएवढा दिसतो, बारकावे छान दिसतात, पण उजेड पसरून पातळ होतो. ॲनीबाईंच्या कॅमेऱ्यात सूर्य मोहरीएवढा. उजेड एका जागी दाट. त्यामुळे अगदी मंद प्रकाशही काचेवर उमटला. ग्रहणात सूर्य पूर्ण झाकला की त्याच्याभोवती पांढरी प्रभा दिसते. तिचा एक झोत या फोटोत सुमारे एक कोटी किलोमीटर लांब गेलेला दिसला, म्हणजे सूर्याच्या रुंदीच्या सातपट. तोवर एवढा लांब झोत कुणाच्याच फोटोत आला नव्हता. आणि हे सगळं जेमतेम दोन मिनिटांत.

तरी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत तिला जागा नव्हती. १८९२ मध्ये तिचं नाव सुचवलं गेलं होतं, मतदानात पडलं. बायकांना दार उघडलं ते १९१६ मध्ये. तेव्हा ती ४८ वर्षांची होती. मला विचाराल तर त्या फोटोपेक्षा या चोवीस वर्षांचंच मला जास्त नवल वाटतं, कारण तेवढ्या काळात तिनं काम काही थांबवलं नाही.

तिच्याजवळ काचेच्या प्लेटा होत्या. आता तसलं रुंद भिंग बऱ्याच मोबाइलमध्ये असतं. वैशाखाच्या अवसेला माळवदावर झोपाल तेव्हा मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे बघा. विंचवाच्या आकाराच्या वृश्चिक राशीजवळ आकाशगंगेचा पट्टा दिसेल. मोबाइल विटांमध्ये पक्का टेकवा, रात्रीच्या फोटोची सोय सुरू करा, टायमर लावा आणि पंधरा-वीस सेकंद हात लावू नका. अंगणातला दिवा तेवढा आधी बंद करा. ग्रहणाचा सूर्य मात्र नुसत्या डोळ्यांनी किंवा मोबाइलनं बघायचा नाही, त्याला खास चष्मा लागतो.